पिवळ्या पिशवीची डिग्री

आमच्या कोंढ्यात एका पोरीनं नीटचा फॉर्मच भरला नाही.

घाई करू नका, परत वाचा. ती नापास झाली असं म्हणत नाहीये मी. नापास होणं आमच्याकडं रीतीला धरून आहे. उन्हाळी धानाची कापणी आणि नीटचा निकाल इथं मागंपुढंच येतात, आणि उतारा दोन्हींत कमीच पडतो. पण बारावीला जीवशास्त्रात नव्वदच्या वर गुण, बाप धडधाकट, वर्षभर पुरेल एवढा तांदूळ घरात, आणि पोरगी म्हणते, "मला डॉक्टर व्हायचंच नाही." आता बोला.

हे मी उडत उडत ऐकलेलं सांगत नाही. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गावातली प्रत्येक गुणपत्रिका माझ्या काचेवर पालथी पडते. मी गुण बघत नाही, ते दिसतात. कुणाचं नॉन-क्रिमीलेअर अडकलं, कुणाची जातपडताळणी झाली, कोण तिसऱ्यांदा परीक्षेला बसतंय, सगळं माझ्या पोटात असतं आणि पोटातच राहतं. दुकानासमोर पानठेला आहे, तिथं ते कसं पोचतं हे मला खरंच माहीत नाही.

कोंढा म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं, कोसऱ्याला असं चिकटलेलं गाव की लोक एका दमात कोंढा-कोसरा म्हणतात. कोंढ्यात कुकरची शिटी झाली की कोसऱ्यात ताटं मांडली जातात. अशा ठिकाणी पोरीनं फॉर्म भरला नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत टिकायला नको होती. टिकलीही नाही.

सोयरिकी जुळवणारी आमची मोठीमाय चपला न घालताच आली. "काहून गा, पोट्टी तर हुशार होती ना? मंग असं काहून झालं?" आवाज असा की पोरीला कावीळ झाली आहे आणि अजून घरच्यांना सांगायची आहे.

"नीट नाही देणार म्हणते."

"मंग काय करन?"

"बायोमेडिकल सायन्स."

मोठीमाय मटकन बाकावर बसली. "कचऱ्याचा?"

तिचंही चुकलं नाही. कोंढ्यानं बायोमेडिकल हा शब्द आजवर एकाच ठिकाणी वाचला होता, दवाखान्याच्या मागं, डब्यांवर. बायोमेडिकल कचरा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. १९९८ साली सरकारनं याचे नियम केले, २०१६ मध्ये नव्यानं केले, आणि तेव्हापासून हा शब्द गावात आहे तो नाकाला पदर लावूनच. आता त्याच शब्दाची डिग्री मिळते म्हटल्यावर मोठीमायच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं असेल ते तुम्हीच ओळखा. "एवढी शिकवली, अन् पिवळी पिशवी उचलाले धाडता का पोट्टीले?"

इथं थोडं मागं जातो, कारण तुमच्यापैकी काहींना नीट म्हणजे नुसती परीक्षा वाटत असेल. आमच्याकडं तो सण आहे. २०१३ साली पहिल्यांदा आली, त्याच वर्षी कोर्टानं रद्द केली, २०१६ ला परत आली ती मुक्कामालाच. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, बरोबरला चार, चुकला तर एक वजा. त्यातले निम्मे गुण जीवशास्त्राचे. म्हणून घरोघरी बेडकाच्या रक्ताभिसरणावर बोलणारी माणसं आहेत, ज्यांनी बांधावरचा बेडूक कधी वाकून पाहिला नाही. फॉर्म भरायच्या दिवसांत माझ्या दुकानात पांढरी चादर टांगलेली असते, कारण फोटोची पाठ पांढरीच लागते. पासपोर्ट मापाचा फोटो वेगळा, पोस्टकार्ड मापाचा वेगळा, वर बोटांचे ठसे. ठसे घेताना पोरांचे हात इतके घामेजलेले असतात की शाई धरत नाही. परीक्षेच्या दिवशी पूर्ण बाह्यांचा सदरा नको, बूट नको, पायात चप्पल, हातात आरपार दिसणारी पाण्याची बाटली. मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या.

आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र! "मी सदर कालावधीत कोठेही प्रवेश घेतलेला नसून घरी राहून अभ्यास करीत होतो." या मजकुराचा नमुना माझ्या संगणकात कायमचा आहे, फक्त नाव आणि वर्ष बदलायचं. एका गड्यानं तो चार वर्षं ओळीनं नेला. चौथ्या वर्षी मीच म्हटलं, "कालावधी मोकळा ठेवू का? तू हातानं भरत जा."

२०२४ साली तर कहर झाला. ४ जूनला निकाल लागला. देशात सदुसष्ट जणांना सातशे वीसपैकी सातशे वीस! पैकीच्या पैकी म्हणजे आमच्या वेळी पहाडे पाठ असलेल्याला तोंडी परीक्षेत मिळायचे. मग वाढीव गुणांची भानगड निघाली, पेपरफुटीची निघाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी सुधारित निकालात ते सदुसष्ट सतरावर आले. भात गिरणीत घातल्यावर जेवढा कमी होतो त्याच्यापेक्षा जास्त घट. परीक्षेला बसलेले तेवीस लाखांच्या वर, 'पात्र' ठरलेले तेरा लाखांच्या वर, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या पुढं. पात्र या शब्दानं किती घरं पेढ्यांना लागली ते मला विचारा. पात्र म्हणजे पंगतीला बसायला हरकत नाही एवढंच. पान वाढलं जाईल असं कुणी म्हटलेलं नाही.

त्याच ४ जूनला लोकसभेचाही निकाल होता. पोरांच्या गुणांत आणि मतांच्या आकड्यांत दिवसभर माझा प्रिंटर फिरत होता. आणि भंडारा-गोंदियातून निवडून कोण आलं? डॉ. प्रशांत पडोळे. नावापुढं डॉक्टर! पानठेल्यावर एका बापानं तिथल्या तिथं लेकाला दाखवलं, "पाय. दवाखाना नाही चालला तरी दिल्ली हाय."

वर त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राज्यातली दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं एका दमात सुरू केली, ऑनलाइन. नऊशे जागांची भर, आणि त्या दहांत भंडारा! झालं. आजवर मेडिकल म्हटलं की नागपूर, सेवाग्राम, सावंगी, फार तर गोंदिया. आता कॉलेज तासाभराच्या एसटीवर आलं. घराजवळ कॉलेज आलं म्हणजे त्यात आपला पोरगा बसलाच पाहिजे, असा हिशोब गावानं मांडला. गोसेखुर्दचं धरण जवळ आहे म्हणून आपल्या वावरात पाणी येतंच असं नाही, हे ज्यांना चांगलं ठाऊक आहे तीच माणसं हा हिशोब मांडत होती.

तर अशा गावात बायोमेडिकल दोन वाटांनी शिरलं. पिवळ्या पिशवीची सांगितली. दुसरी वाट नागपूरहून, गुळगुळीत पत्रकावर बसून आली.

पत्रक कुणाचं ते विचारू नका. वर स्टेथोस्कोप, खाली सूक्ष्मदर्शक, मध्ये तिरक्या अक्षरात मथितार्थ असा, की नीट हुकली तरी बायोमेडिकल करा आणि डॉक्टरकीच्या वाटेला लागा. 'वाटेला लागा' हे शब्द मोठे नामी. वाटेला लागलेला माणूस पोचलाच पाहिजे असं बंधन नाही. हे पत्रक एका बापानं रंगीत झेरॉक्सला आणलं, दहा प्रती नेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात एकच विचारणा. "ते मागल्या दरवाज्याचं किती गा?"

या मागल्या दाराची गंमत अशी की ते खरंच आहे, पण दुसऱ्याच्या घराला. अमेरिकेत बारावीनंतर सहसा कुणी थेट डॉक्टरीला जात नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग चार वर्षांचं वैद्यक. त्या आधीच्या चार वर्षांना तिकडं 'प्री-मेड' म्हणतात, आणि तो काही विषय नव्हे. इतिहास घेऊनही प्री-मेड होता येतं, लागणारं रसायन-जीवशास्त्र सोबत केलं की झालं. इंग्लंडात बारावीनंतर थेट वैद्यक आहे, पण पदवीधरांसाठी चार वर्षांचा निराळा मार्गही आहे आणि त्यात बायोमेडिकलवाल्यांची गर्दी असते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आधी बायोमेडिसिनची पदवी आणि मग वैद्यक, ही तर राजरोस चाल. आता न्यू जर्सीतल्या कुणाच्या तरी आत्यानं फोनवर सांगितलं की "आमचा प्री-मेडला आहे, बायोमेडिकल करतोय, पुढं डॉक्टर," तर ते वाक्य नागपूरला उतरून पवनी रोडला लागेपर्यंत त्यातली परीक्षा गळाली, चार वर्षं गळाली, डॉलर गळाले. उरलं काय? बायोमेडिकल, पुढं डॉक्टर.

मी फॉर्म भरणारा माणूस. पात्रतेचा रकाना वाचल्याशिवाय मी फीचं बटण दाबत नाही. म्हणून सांगतो, आपल्या देशात बायोमेडिकलची पदवी घेऊन एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिरण्याची सोय नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला बसतात, तसलं इथं काही नाही. पदवीनंतर डॉक्टर व्हायचंच असेल तर पुन्हा नीट, पुन्हा पांढरी चादर, पुन्हा ठसे, आणि पुन्हा पहिलं वर्ष. वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळं बसता येतं, कितीही बसा. पण ज्या दारातून परत आलो त्याच दारात तीन वर्षांनी जाऊन उभं राहायचं, याला मागलं दार म्हणायचं तर पुढलं कशाला म्हणता?

हे मी पानठेल्यावर सांगितलं तर तंबाखूचा खर्रा घोटता घोटता ठेलेवाला म्हणाला, "तुमाले फॉर्मचे पैसे नाही भेटले म्हणून बोलून राहिले."

मग त्याला फिलिपिन्सचं सांगावं लागलं. आमच्या भागातला एक पोरगा, कोणत्या गावचा ते राहू द्या, तिकडं गेला. सहा वर्षांत डॉक्टर करून देतो असं कबूल केलेलं. गेल्यावर कळलं की तिथं आधी 'बीएस' करावं लागतं, जीवशास्त्राची पदवीच म्हणा, मग एनमॅट नावाची परीक्षा, मग चार वर्षांचं एमडी. पोरगा बीएस करत बसला. इकडं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम काढला की परदेशात शिकायचं तर वैद्यकाचा अभ्यास किमान चौपन्न महिन्यांचा हवा, आणि वर तिथंच बारा महिन्यांची इंटर्नशिप. आता चार वर्षं म्हणजे महिने किती? अठ्ठेचाळीस. आणि बीएसचे महिने त्यात धरायचे नाहीत. सहा महिन्यांनी गाडी चुकली! पोराच्या मोठ्या बापानं माझ्याच दुकानात कॅल्क्युलेटरवर तीनदा बारा चोक करून पाहिलं. प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीसच आले. कॅल्क्युलेटर बदलून दे म्हणाले.

ठेलेवाल्यानं खर्रा घोटायचा थांबवला. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

पण मूळ भानगडीकडं वळू. पोरीनं बायोमेडिकल घेतलं ते या मागल्या दारासाठी असतं तरी गावानं पोटात घातलं असतं. "बिचारी, फसली" म्हणून चार दिवस हळहळले असते. तिनं मात्र सीयूईटी दिली, २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश त्याच परीक्षेवर होतात, आणि यादीत बायोमेडिकल सायन्स ऑनर्सवर बोट ठेवलं. दिल्लीत हा विषय मोजक्या कॉलेजांत आहे. आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि मुलींचं शहीद राजगुरू. मी पसंतीक्रम भरता भरता हळूच विचारलं, "पुढं नीट देशील ना?" तर म्हणते, "काका, मला पेशंट नको, मला पेशी पाहिजे."

पेशी! मी माऊस सोडला.

गुरुजी त्या वेळी दुकानात आधार अपडेट करायला बसले होते. निवृत्त आहेत, रोज दोन पेपर वाचतात, म्हणून गावात त्यांना सगळ्याबद्दल मत आहे. ते म्हणाले, "बायोमेडिकल म्हणजे एक्सरेची यंत्रं दुरुस्त करणं." पोरीनं शांतपणे सांगितलं, ते बायोमेडिकल इंजिनिअरिंग. गुरुजी म्हणाले, "मग रक्त-लघवी तपासणं." ते लॅब टेक्नॉलॉजी, डीएमएलटी, बीएमएलटी. "मग औषधं बनवणं?" ते फार्मसी. गुरुजींचा आवाज चढायला लागला. "मग तू करणार तरी काय?" ती म्हणाली, "यंत्रात जे दिसतं, रक्तात जे सापडतं आणि औषध जिथं लागू पडतं, ते असं का होतं ते." गुरुजींनी आधारच्या पावतीची घडी केली, परत उघडली, परत केली.

"आणि नोकरी?" हे मी. शेवटी मीही या गावचाच.

तिनं सांगितलं ते असं. पदवी, मग जॅम किंवा गॅट-बी देऊन एमएस्सी, मग फेलोशिप लागली तर पीएचडी. लांबचा पल्ला, सुरुवातीला पैसा बेताचा, आणि फेलोशिप सगळ्यांना लागत नाही. तिनं काही लपवलं नाही. पत्रकापेक्षा हा मजकूर मला बरा वाटला, पण हे मी कबूल करणार नव्हतो.

पीएचडी म्हटल्याबरोबर मात्र नवाच भडका उडाला. म्हणजे हिच्याही नावापुढं डॉक्टर लागणार! मोठीमायला हे पटेचना. "सुई मारन का?" नाही. "गोळी देन?" नाही. "सर्टिफिकेट तरी देन, आजारपणाचं?" तेही नाही. "मंग कायची डॉक्टर वो माय! हे तं फसवणूक झाली." गावाचं म्हणणं सरळ आहे. डॉक्टर म्हणजे जो टोचतो. जो टोचत नाही, त्यानं ते बिरुद लावणं म्हणजे वावर नसताना सातबारा दाखवणं. आणि मोठीमायचा खरा पेच निराळाच होता. तो तिनं नंतर आवाज उतरवून सांगितला. "डॉक्टर पोट्टीले डॉक्टर नवरा भेटते. या पोट्टीले कोण पाहू? बायोमेडिकल पोट्टा कोनत्या बाजारात भेटते गा?"

तेव्हा मी जुनी भानगड काढली. नव्वद वर्षांपूर्वीची आहे, पण आमच्या पानठेल्यावर ताजीच निघाली.

म्हटलं, पुण्यात एक समर्थ नावाचे प्राध्यापक होते, फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची लेक कमल. जन्म १९१७ चा. बापाची इच्छा, पोरीनं डॉक्टर व्हावं. एवढंच नव्हे, नवराही डॉक्टरच करावा.

"बराबर हाय," मोठीमाय म्हणाली. तिला तो बाप तिथल्या तिथं आवडला.

पोरीनं काय करावं? वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. पुढं एमएस्सीला पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेली आणि अभ्यास कशाचा केला, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा!

"सीताफळाचा?" ठेलेवाला.

सीताफळाचा. आणि १९३९ साली लग्न केलं ते गणितवाल्याशी. जयसिंग रणदिवे.

पानठेल्यावर शांतता. बापाचं दोनदा मोडलं, एकदा विषयात, एकदा नवऱ्यात. मोठीमायनं तोंडाला पदर लावला. "मंग?"

मग काय, मुंबईला टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर काम केलं, १९४९ मध्ये पीएचडी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या. हे गे म्हणजे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतल्या पेशी ज्यांनी बाटलीत जगवल्या ते. आजही त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. परत येऊन कमलबाईंनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, भारतातल्या सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांतली एक. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि हार्मोनशी कसा संबंध आहे यावर काम केलं. आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवरही केलं. हा रोग भंडाऱ्याला वेगळा सांगायची गरज नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात घराच्या मागं वेगळी खोपडी बांधलेली असायची, ती कुणासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. १९८२ साली बाईंना पद्मभूषण मिळालं, वैद्यकासाठी. सुई मारली नाही, गोळी दिली नाही.

ठेलेवाल्यानं हातातल्या खर्र्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "तुझ्या गिऱ्हाइकांसाठीच राबल्या म्हण." त्यानं तो पन्नीत बांधून गिऱ्हाइकाला दिला. मात्र त्या दिवशी स्वतः खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ला.

गुरुजींना मात्र सीताफळाचं फार लागलं. ते म्हणाले, झाडापासून सुरुवात करणारे आपल्याकडंही आहेत. मग त्यांनी नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांचं काढलं. दीड एकराचा, शाळा अर्ध्यावर सुटलेला शेतकरी. १९८३ मध्ये वावरात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या राखून ठेवल्या, परत पेरल्या, आणि त्यातून तांदूळ निघाला त्याला घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज कोंढ्यातल्या निम्म्या घरांत तोच शिजतो. २०१८ मध्ये दादाजी गेले. "त्यांना कुणी डॉक्टर म्हटलं का?" गुरुजींनी विचारलं आणि आमच्याकडं असं पाहिलं की न म्हणणारे आम्हीच होतो. गुरुजी बदलले की काय अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

पोरगी गेली दिल्लीला. गाव दुसऱ्या भानगडींत रमलं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या धानाला तुडतुडा लागला. दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले. बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, पाव्हणे, रात्री दंडार किंवा नाटक, आणि अर्ध्या सोयरिकी त्याच गर्दीत ठरतात. मोठीमायचा हा सुगीचा काळ. पोरगी सुट्टीवर आली होती. थोडी वाळली होती, केस कापले होते. केसांवर मी वेगळा लेख लिहीन.

दंडारीच्या मांडवामागं चहाच्या ठेल्यावर मोठीमायनं तिला गाठलं. हेतू शुद्ध होता, चौकशी. "मंग, काय शिकली दिल्लीत?"

पोरगी म्हणाली, "मोठीमाय, तुम्ही सोयरिकी जुळवता ना? पोराचं रक्त पाहता का?"

"कूळ पायतो ना."

"कूळ नाही, रक्त. सिकलसेल."

आता सिकलसेल हा शब्द पूर्व विदर्भात कुणाला नवा नाही. शाळेत तपासणी होते, कुणाच्या तरी घरी पोर सांधे धरून रात्रभर रडतं, सलाइन लागतं, नागपूरला न्यावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी, शुक्ला आणि सोळंकी यांनी, १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. पण हे नेमकं काय असतं ते मोठीमायला आजवर कुणी बसून सांगितलं नव्हतं. पोरीनं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, यात त्या विळ्यासारख्या होतात. कारण हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एकच दाणा बदललेला असतो. हा आजार रेणूतल्या बिघाडाचा आहे हे १९४९ मध्ये दाखवलं लायनस पॉलिंगनं, आणि तो डॉक्टर नव्हता, रसायनवाला होता. (हे वाक्य तिनं मुद्दाम जरा मोठ्यानं म्हटलं असा मला संशय आहे.) तपासणी दोन पायऱ्यांची. पहिल्या साध्या चाचणीत नळीतलं पाणी गढूळ झालं तर संशय, मग खात्रीसाठी एचपीएलसी नावाची चाचणी.

"अन् सोयरिकीचा काय संबंध?"

"एकाच्या रक्तात हा गुण अर्धा असेल तर तो वाहक. त्याला बहुधा काही त्रास नसतो, तो चांगला वखरही हाकतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता की पोराला पूर्ण आजार. एकच वाहक आणि दुसऱ्याचं रक्त साफ असलं तर पोराला तो आजार होत नाही. म्हणून वाहकाचं लग्न मोडायचं नाही मोठीमाय. फक्त दोन वाहकांची गाठ घालताना आधी त्यांना सांगायचं."

मांडवात मृदुंग चालू होता, पण मोठीमाय बोटांवर काहीतरी मोजत होती. चाळीस वर्षांत जुळवलेली लग्नं मोजत असावी. दोन-तीन ठिकाणी बोट अडखळलं. मग ती उठली आणि नाटक न पाहता घरी गेली. मंडईतून मोठीमाय नाटक न पाहता घरी जाते, ही त्या वर्षीची सगळ्यात मोठी बातमी आहे, पण ती कुणी छापली नाही.

आता जे चाललंय ते ऐका. गावात नवं खूळ आलंय, आणि ते कुणी आणलं सांगायला नको. मोठीमाय आता मुलाकडच्या लोकांना पाणी द्यायच्या आधी विचारते, "एचपीएलसी केली का?" उच्चार ती 'एचपेलशी' असा करते, पण समोरचा घाबरतो. पवनीकडचे एक पाव्हणे रागावून उठले, आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणाले. मोठीमाय म्हणाली, "घराण्यात नाही, नळीत पायतात." गुरुजींनी तिला वही आखून दिली आहे, आणि तिच्या परवानगीशिवाय त्यातलं पान उघडायला त्यांना स्वतःलाही मनाई आहे. गावात हलकल्लोळ आहे. पत्रिकेच्या आधी रक्त! लोक म्हणतात बुढी चळली. लोक हेही म्हणतात की दिल्लीवालीनं चळवली. काही जण रात्री अंधार पडल्यावर माझ्याकडं येऊन रिपोर्टची झेरॉक्स काढून नेतात, आणि मी काही बघत नाही. ते दिसतं.

परवा मोठीमाय आली, पिशवीतून सहा रिपोर्ट काढले, लॅमिनेट करून दे म्हणाली. मी मशीन गरम करायला ठेवलं आणि कागद एकावर एक रचले. तिनं ढिगातून दोन कागद बाजूला ओढले, चष्मा वर करून परत एकदा पाहिलं, आणि एक माझ्या हातात दिला, दुसरा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

"हे दोन एका फाइलीत घालू नोको गा."